क्वामेच्या बाटलीतलं पाणी

हे मी जीबीएस हा नसांचा आजार झालेल्या बायकांसाठी लिहिते आहे. पुरुषांनी वाचलं तरी चालेल, पण पुरुष आजारी पडला की पाणी मागायला लाजत नाही असा माझा अनुभव आहे. आमच्याकडे साधी सर्दी झाली तरी सगळं घर डोक्यावर घेतात. बायकांचं तसं नसतं. म्हणून बायकांसाठी.

आजार का होतो, कशामुळे होतो, ते डॉक्टरांना विचारा. मला कळलं ते एवढंच की ताकद पायांकडून जायला लागते आणि वर वर सरकते. बहुतेकांची ती परत येते, पण तिच्या वेळेने येते, आपल्या नाही. मधल्या काळात तुम्ही कुणाच्या तरी हातात असता. माझं सगळं बिघडलं ते या मधल्या काळात, आणि बिघडवलं मीच.

गुडघा

मी चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या टेबलावर काम करते. गाड्यांचे रबरी पाइप हाताखालून जातात, चीर दिसली की बाजूला काढायचा. दिवसभर उभं राहायचं. तळव्यांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा मी कंपनीच्या बुटांना शिव्या घातल्या. मग एका संध्याकाळी मोशीला कंपनीच्या बसमधून उतरताना पायरी सापडलीच नाही. पाय खाली गेला आणि पायाखाली काही नाही. मी रस्त्यावर बसले ती बसलेच. मागच्या पोरी आधी हसल्या, मग घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातातून सुटला. नवरा, विलास, नुकताच नाइट शिफ्ट करून आला होता. तो तसाच मला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या तरुण डॉक्टरने माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. गुडघा ढिम्म. त्याने परत मारली. मीही गुडघ्याकडे बघत होते, तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखी. मग मणक्यात सुई घालून पाणी काढलं, आणि दुपारी आजाराचं नाव सांगितलं.

विलासने विचारलं, म्हणजे लकवा का? डॉक्टर म्हणाला, तसा नाही, हा उतरतो. विलास भिंतीला टेकून उभा राहिला. मला वाटायला हवं होतं की आपण मरू, पोरगी अकरावीला आहे, तिचं कसं होईल. खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते हे: आता मला उचलणार कोण? आणि उत्तरही लगेच आलं. सासूबाई. तेव्हा मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं, आजाराला घाबरून रडतेय.

आमचं जमत नव्हतं

सासूबाईंचं नाव हौसाबाई. चाकणजवळच्या खेड्यात त्यांचं घर, दोन म्हशी आणि जमिनीचा राहिलेला तुकडा. मी लातूरकडची, आईवडील कामासाठी चिखलीला आले म्हणून इकडची झाले. लग्नानंतर काही वर्षं आम्ही एकत्र राहिलो. माझी भाकरी त्यांना जाड वाटायची, माझी शिफ्ट त्यांना खुपायची, आणि त्यांचं न बोलता भांडी आपटणं माझ्या डोक्यात जायचं. शेवटी मी मोशीला फ्लॅटचा हट्ट धरला. निघायच्या दिवशी त्या दारात उभ्या होत्या. मी म्हणाले, "मला कुणाची सेवा नको आणि मला कुणाची करायचीही नाही." त्या म्हशीला पेंड घालायला निघून गेल्या.

अशी मी. आणि आजारी पडले तेव्हा निरोप जाताच म्हशी शेजाऱ्यांच्या दावणीला बांधून, एक पिशवी घेऊन, त्या दवाखान्यात हजर झाल्या. मी आयसीयूत होते तोवर बाहेर बाकड्यावर बसून राहिल्या. मला वॉर्डात आणलं तेव्हा माझ्या पलंगाखाली त्यांनी स्वतःची चटई घातली.

वॉर्ड

वॉर्डात सकाळ अंधारातच होते. आधी टेंपरेचर, मग अंग पुसायला मावशी, मग चादर बदलायची म्हणून तुम्हाला कुशीवर लोटतात, मग डॉक्टरांचा राउंड. ज्याला हलता येत नाही त्याला तिथे काहीच गुप्त ठेवता येत नाही. लघवीची नळी काढल्यावर पॉट लागायचा. तो द्यायचा तर एकीने मला कमरेखाली धरून उचलायचं आणि दुसरीने खाली सरकवायचा. मावशींना एवढे पलंग, त्या कधी येणार? मग दोन्ही कामं सासूबाईच करायच्या. सत्तरीच्या पुढची बाई. माझं धूड उचलताना त्यांच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या. नंतर पॉट घेऊन त्या संडासाकडे जायच्या, धुऊन आणायच्या, आणि पदराला हात पुसून खाली बसायच्या. आपल्याकडे सुनेने सासूचं करायचं असतं. सासू सुनेचं करतेय हे बघायला बाजूच्या पलंगांवरचे नातेवाईक माना वळवायचे. मी डोळे मिटून घ्यायचे.

काही गोष्टी चांगल्याही घडत होत्या. ऋतुजा, माझी मुलगी, कॉलेज सुटलं की येऊन माझी वेणी घालायची आणि वर्गातल्या कागाळ्या सांगायची. एक सिस्टर माझं नाक खाजवून द्यायची, न सांगता. नाक खाजवणं ही काय चीज आहे ते हात गेल्याशिवाय कळत नाही. विलास मात्र चिडचिडा झाला होता. ड्यूटी, दवाखाना, पोरगी, सगळं त्याच्यावर आलं. एकदा माझ्यावर खेकसला आणि मग बाहेर जाऊन बराच वेळ आला नाही. त्याचंही मला लागलं नाही. मला फक्त तो पॉट दिसायचा.

आणि मी युक्ती शोधली. पाणीच प्यायचं नाही. पाणी नाही तर लघवी नाही, लघवी नाही तर कुणी उचलायला नको. सासूबाई ग्लासात नळी घालून तोंडाशी धरायच्या. मी ओठ ओले करायचे आणि म्हणायचे, झालं. राउंडला डॉक्टर विचारायचे, पाणी जातंय ना? मी म्हणायचे, हो, जातंय की. मावशी सगळ्या वॉर्डात सांगायची, बघा, ही बाई किती सोशीक, कधी कुणाला त्रास म्हणून देत नाही. ते ऐकून मला बरं वाटायचं. कप्पाळ माझं! सुंभ जळाला होता, पीळ तसाच होता.

मग ताप चढला. लघवीत जंतू झाले होते. मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि माझ्यावर नाही, सासूबाईंवर चढले. पेशंटला पाणी पाजायला काय होतं तुम्हाला? किडनीवर ताण येतोय, असंच चाललं तर परत आयसीयूत न्यावं लागेल, आणि या वेळी बाहेर येईलच असं मी सांगू शकत नाही. सासूबाई उभ्या राहून ऐकत होत्या. मी प्यायला नकार देते असं त्यांनी सांगितलं असतं तर मी काय करणार होते? पण त्या म्हणाल्या, "चुकलं साहेब. पाजते." आणि मी गप्प पडून राहिले.

दुपार

जेवणं झाली, नातेवाईक पांगले. सासूबाईंनी स्टूल माझ्या उशाशी ओढलं. हातात ग्लास होता, पण त्यांनी तो पुढे केला नाही. मांडीवर धरून बसल्या आणि आपल्या वडिलांबद्दल बोलायला लागल्या. मला वाटलं, म्हातारी माझं मन रमवतेय.

त्यांचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणायचे, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते हे मला माहीत होतं. लष्कराची खेचरं हाकायच्या कामावर होते. त्यांची एक गोष्ट त्यांच्या गावात शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. आबा तापाने पडले असताना आफ्रिकी सैनिकांनी त्यांना जंगलातून उचलून नेलं, आणि आबांनी स्वतः तहानेलं राहून आपल्या वाटचं पाणी त्या सैनिकांसाठी ठेवलं. झेंडावंदनाला दरवर्षी आबांना हार घालायचे. लग्नानंतर मीही एकदा ते बघितलं होतं. म्हातारा हार गळ्यात घेऊन खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, काय विनयशील माणूस.

सासूबाई म्हणाल्या, ती गोष्ट निम्मी आहे.

त्यांनी सांगितलं ते असं. आबांच्या खेचरांना ज्या डिव्हिजनबरोबर लावलं होतं ती सगळी आफ्रिकेतल्या माणसांची होती. इंग्रजांनी आपल्या तिकडच्या वसाहतींमधून त्यांना बोटीत घालून आणलं होतं, आपल्या लोकांना नेलं तसंच. ब्रह्मदेशातल्या अराकानच्या डोंगरात रस्ता म्हणून नव्हता. खेचरंही घसरून मरायची. तिथे ही माणसं दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन चढायची, आपल्या बायका हंडे नेतात तशी, आणि वर गाणी म्हणायची. आबा म्हणायचे, त्यांचा गोरा साहेब मोकळ्या हाताने चालायचा आणि तरी दमायचा. बहुतेक सगळी शेतकऱ्याची पोरं. त्यातल्या एकाने आबांना हातवारे करून दाखवलं होतं की घरी कुदळीने माती ओढून कसले तरी कंद लावतात. त्याचं नाव क्वामे.

आबांना ताप भरला, पायावर उभं राहवेना. चौघांनी बांबूच्या स्ट्रेचरवर घातलं. डोक्याकडची बाजू क्वामेकडे होती. त्यामुळे आबांना त्याचं तोंड कायम उलटं दिसायचं, वर हनुवटी आणि खाली कपाळ. समोर येऊन उभा राहिला असता तर ओळखला नसता, असं आबा म्हणायचे. पाणी कमी होतं. पहिल्या विसाव्याला क्वामेने आपली बाटली उघडून आबांच्या तोंडाला लावली, आणि आबांनी तोंड फिरवलं.

"का म्हाईतीय?" सासूबाईंनी विचारलं. "भरती व्हताना आईनं शपथ घातली व्हती. कुनाच्या बी हातचं पानी पिऊ नगं. ह्याची जात कंची, धर्म कंचा, काय ठावं न्हाई. इटाळ व्हईल म्हनून न्हाई प्याला माझा बाप."

क्वामेला हे कुठून कळणार? त्याला वाटलं, हा आजारी माणूस आपल्यासाठी पाणी राखतोय. त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवून खुणेने विचारलं, माझ्यासाठी? आणि आबांनी मान हलवली. हो.

क्वामे हसला. बाकीच्या तिघांना त्याने आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. ते एकेक करून आले आणि आबांच्या कपाळावर हात ठेवून गेले. त्यानंतर क्वामेही पाणी पिईना. आजारी माणूस पीत नाही तर मी कसा पिऊ, असा त्याचा हिशेब. प्रत्येक विसाव्याला बाटली पुढे यायची, आबा मान फिरवायचे, तो हसून बूच लावायचा. आता प्यायची आबांना इच्छा होती. घसा फाटत होता. पण आता प्यायलं तर आधी का नाही प्यायलास, ते उघडं पडणार होतं.

दुसऱ्या दिवशीच्या चढावर क्वामे खाली बसला आणि उठेना. बाकीच्यांनी त्याला सावलीत टेकवलं. त्याने गळ्यातली बाटली काढून एकाच्या हातात दिली आणि आबांकडे बोट केलं. मग तिघांनीच स्ट्रेचर उचललं.

वर औषधोपचाराच्या तळावर एक आपल्याकडचा, नगरचा, पोरगा होता. त्याने पाण्याचा मग भरून पुढे केला. आबा तो घटाघटा प्यायले. अजून दे म्हणाले. दुसरा मग संपवून तोंड पुसलं तेव्हा दिसलं, ते तिघं तिथेच उभे होते. बघत होते. ज्याच्याकडे क्वामेची बाटली होती त्याने एकदा मगाकडे बघितलं, एकदा बाटलीकडे. मग बाटलीचं बूच आवळलं आणि उताराने पळत सुटला. बाकीचे दोघं त्याच्या मागे. क्वामेला पाणी वेळेवर मिळालं की नाही, तो जगला की मेला, आबांना कधीच कळलं नाही. ते तिघंही पुन्हा दिसले नाहीत.

गावी आल्यावर पारावर लोकांनी विचारलं, आणि आबांच्या तोंडून क्वामेच्या समजुतीचीच गोष्ट निघून गेली. एकदा खोटं बोललं की ते पोसावं लागतं. खरं त्यांनी फक्त या एका लेकीला सांगितलं, तेही म्हातारपणी, अंथरुणावर पडल्यावर.

एवढं सांगून सासूबाईंनी मांडीवरचा ग्लास सावरला. मी छताकडे बघत होते. मग त्या म्हणाल्या, "लोकं त्याला त्याग म्हनली. तो त्याग न्हवता, मंगल. आन् तू बी सोशीक न्हाईस. तुला माजं उपकार नगंत, येवढंच हाय."

आधी मला राग आला. भयंकर राग आला. वाटलं, मी मरायला टेकले आहे आणि ही टोमणे मारतेय. मी काहीतरी लागेल असं बोलायला तोंड उघडलं. पण त्या म्हणाल्या ते अक्षरन् अक्षर खरं होतं. मला त्यांच्या कष्टांची काळजी नव्हतीच. ज्या बाईला मी दारात तसं बोलले, तिच्या हाताने धुतलं जाणं मला सहन होत नव्हतं. त्यासाठी मी किडनी घालवायला तयार होते, पोरीला आईविना ठेवायला तयार होते, आणि डॉक्टरांची बोलणी त्यांना खाऊ देत होते. मी रडायला लागले. झोपून रडलं की पाणी कानात जातं, आणि पुसायला हात नव्हते. त्यांनी पदराने माझे कान पुसले.

मी पाणी मागितलं. ग्लास संपला, अजून मागितलं. तासाभराने पॉट मागितला. त्यांनी मला उचललं तेव्हा पहिल्यांदाच मी डोळे उघडे ठेवले. जवळून त्यांचा चेहरा घामेजलेला होता, थोडा वैतागलेलाही होता. कुणाचाही होईल तसा.

त्यानंतर

ताप उतरला. काही दिवसांनी उजव्या पायाचा अंगठा हलला आणि विलास वॉर्डात असा ओरडला की सिस्टर धावत आल्या. घरी आले ती व्हीलचेअरवरून. मग वॉकर, मग भिंत धरून. पुढच्या महिन्यात कामावर जाईन, सध्या बसूनच काम देणार आहेत. तुम्ही या आजारात असाल तर माझं एवढंच ऐका. पाणी प्या, आणि मागून प्या. कुणाला त्रास देत नाही म्हणून कुणी तुमचं कौतुक करत असेल, तर आपण खरंच तेवढे चांगले आहोत का, हे एकदा स्वतःला विचारा.

मला बरं वाटतंय, पण हलकं वाटत नाही. सासूबाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, झालं गेलं. त्या अजून मोशीलाच आहेत. म्हशींसाठी जीव तुटतो त्यांचा, पण मी जिना चढून दाखवल्याशिवाय जायचं नाव काढत नाहीत.

मध्यंतरी ऋतुजाने मोबाइलवर त्या लढाईतल्या आफ्रिकी सैनिकांचे फोटो शोधून काढले. डोक्यावर पेट्या घेतलेली रांगच्या रांग, नदीत कमरेपर्यंत उतरलेली माणसं, एका फोटोत खांद्यावर स्ट्रेचर. खाली गोऱ्या अधिकाऱ्याचं नाव होतं. उचलणाऱ्यांची नव्हती. क्वामे म्हणून शोधलं तर ढीगभर क्वामे निघाले. तिकडे ते नाव आपल्या ज्ञानेश्वर-तुकारामइतकंच घरोघरी असतं. सासूबाईंनी स्ट्रेचरचा फोटो बराच वेळ बघितला. मग मोबाइल उलटा धरला. मोबाइल उलटा केला की फोटो आपोआप सरळ व्हायचा. त्यांनी परत उलटा केला, तो परत सरळ झाला. ऋतुजा हसायला लागली. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

पोरगी अभ्यासाला गेल्यावर मी त्यांना विचारलं, आबांना तो क्वामे पुढे कधी भेटला असता, तर आबांनी त्याची माफी मागितली असती का? त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

"माफी मागून आपलाच जीव हलका व्हतोय," त्या म्हणाल्या. "त्येच्याकडं पानी मागितलं आस्तं माझ्या बापानं."

आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या, भाकरी टाकायला.